दार बसवण्याआधी महिना पाहा: बिजागऱ्या, कडी आणि कुलूप

मे महिन्यात चपखल बसवलेलं दार श्रावणात लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. आणि श्रावणात रंधून मोकळं केलेल्या दाराच्या फटीतून पुढच्या मे महिन्यात बोट जातं. विदर्भातल्या आर्वी-कारंजा भागात मी गेली बावीस वर्षं दारं बसवतो आहे. पावसाळ्यात येणारी बहुतेक बोलावणी एकाच तक्रारीची असतात: "मिस्त्री, दार फुगलं, थोडं रंधून द्या." पाहायला जावं तर दार चांगलं असतं, बिजागरीही चांगली असते. बसवणाऱ्यानं त्या दिवशीची फट पाहिलेली असते, वर्षभराची पाहिलेली नसते, एवढंच.

आपल्याकडे दिवाळीनंतर कापूस घरात भरला जातो आणि भाव येईपर्यंत पुढच्या खोलीतच पडून राहतो. दिवसभर घरचे सगळे वावरात. त्या काळात घराची राखण दारच करतं. म्हणून हे काम स्वतः करणाऱ्यांसाठी, किंवा मिस्त्री करत असताना बाजूला उभं राहून काय पाहायचं ते कळावं म्हणून, सगळं सविस्तर लिहितो.

लाकूड आणि माती

लाकूड तोडून वीस वर्षं झाली तरी ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा लाकूड आकसतं. जून संपता संपता तेच लाकूड फुगायला लागतं. फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. त्यामुळे दार वरून अडत असेल तर कारण सहसा वेगळं असतं, आणि कुलपाच्या बाजूनं अडत असेल तर ओलाव्याचं.

कोणतं दार किती फुगेल हे त्याच्या बांधणीवर आहे. उभ्या फळ्या जोडून मागे आडव्या पट्ट्या मारलेलं जुन्या पद्धतीचं दार सगळ्यात जास्त हलतं, कारण तिथे पूर्ण तीन फुटांची रुंदी फुगते. असं दार उन्हाळा ते पावसाळा पाच-सहा मिमी सहज वाढतं. चौकोनी पॅनेलचं दार कमी हलतं. त्यात पॅनेल खाचेत मोकळं बसवलेलं असतं, ते आतल्या आत फुगतं. बाहेरच्या मापात फरक पडतो तो फक्त दोन उभ्या पट्ट्यांच्या रुंदीचा. प्लायचे थर चिकटवून केलेलं सपाट फ्लश डोअर सगळ्यात कमी हलतं, पण त्याच्या कडेनं पाणी आत गेलं तर थर सुटतात आणि मग ते कायमचंच जातं.

दुसरं कारण आपल्या पायाखालचं. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर त्यावरची भिंत दरवर्षी थोडी वर उचलते, थोडी खाली बसते. भिंतीबरोबर चौकट तिरपी होते. अशा घरात दार वरच्या एका कोपऱ्यात अडतं आणि खालच्या कोपऱ्यात मोकळं राहतं. दोन्ही दुखण्यांवर एकच रंधा फिरवला की दार वाया जातं. म्हणून घासणाऱ्या दाराला हात लावण्याआधी ओळंबा लावा. चौकट सरळ आणि घासल्याची चमक कडेला वरपासून खालपर्यंत सारखी, तर लाकूड फुगलं. चौकट कललेली आणि चमक एकाच कोपऱ्यात, तर माती हलली. तिथे रंधण्यापेक्षा बिजागरीखाली पॅकिंग घालून दार फिरवून घ्यावं. ते पुढे सांगतो.

चौकट तपासणं

नवीन दार असो की जुनं, आधी चौकट. तीन मापं घ्यायची. दोन्ही उभ्या लाकडांना ओळंबा, समोरून आणि बाजूनं. मग दोन्ही कर्ण मोजायचे: वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि वरचा उजवा ते खालचा डावा. दोन्हीत तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट काटकोनात नाही. दार चौकटीच्या मापानं कापावं लागेल, गुण्याच्या, म्हणजे काटकोन पाहायच्या हत्याराच्या, मापानं नाही. तिसरं, आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. गिलावा करताना मधला टेकू लवकर काढला की चौकट मध्ये आत दबते. हे मी इतक्या घरकुलांत पाहिलं आहे की आता मधलं माप आधी घेतो.

चौकटीच्या पायाशी पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला तर वाळवी लागली आहे, आणि तशा लाकडात कोणतीच बिजागरी टिकणार नाही. तो तुकडा कापून नवा जोड द्यावा, मगच पुढचं काम.

चौकट लोखंडी असेल तर बिजागऱ्या वेल्डिंगवाल्याकडून लागतात. हा लेख लाकडी दाराचा आहे, पण फटीचा हिशेब तिथेही लागू पडतो, कारण लोखंडी चौकटीत दार बहुधा लाकडाचंच असतं.

बिजागऱ्या घेताना

दुकानात बिजागरी म्हटलं तरी मिळते, कब्जे म्हटलं तरी मिळतात. सात बाय तीन फुटांचं, ३५ मिमी जाडीचं भरीव सागवानी दार ४० ते ४५ किलो भरतं. कापसाचं अर्धं बोचकं तुम्ही तीन बिजागऱ्यांवर टांगताय असं समजा. अशा मुख्य दाराला पाच इंची तीन बिजागऱ्या घ्या. आतल्या खोल्यांच्या फ्लश डोअरला चार इंची तीन पुरतात. दोन बिजागऱ्यांवर भागवू नका. वजन दोघी पेलतीलही, पण उन्हात दाराची उभी कड धनुष्यासारखी वाकते; तिला मध्ये धरून ठेवायला तिसरी लागते.

घेताना बिजागरी अर्धी उघडून दोन्ही पानं वर-खाली हलवून पाहा. पानं खुळखुळत असतील तर ती ठेवून द्या. पत्रा जाड हवा, पिन पूर्ण लांबीची हवी, आणि पेचाची भोकं अशी हवीत की पेचाचं डोकं पानाच्या बरोबरीनं खाली बसेल. डोकं वर राहिलं की दार पूर्ण मिटत नाही आणि लोक दोष दाराला देतात. अंगणाच्या बाजूला पावसाचे शिंतोडे येत असतील तर स्टेनलेस स्टीलच्या घ्या, नाहीतर साध्या लोखंडी चालतात. पितळी छान दिसतात, पण त्यांचे पितळी पेच मऊ असतात. सागात आधी त्याच मापाचा लोखंडी पेच फिरवून वाट करून घ्यायची, तो काढायचा आणि मग पितळी लावायचा. नाहीतर अर्ध्यात डोकं तुटतं आणि बाकीचा लाकडात अडकून बसतो.

पेच दीड ते दोन इंची. बिजागरीच्या डबीत येणारे पाऊण इंची पेच बाजूला ठेवा, कपाटाला कामी येतील.

हत्यारं फार नाहीत: एक इंची आणि अर्धा इंची पटाशी (छिन्नी), मोगरी (लाकडी हातोडा), रंधा, गुण्या, ओळंबा, टेप, धारदार चाकू, पेचकस आणि ड्रिल. वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून हातानं फिरवायचं गिरमिट जवळ असू द्या. पटाशीला धार लावूनच कामाला बसा. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, चेंगरते. आणि जोर लावताना हातातून सटकली तर दुसऱ्या हातात घुसते.

दार उभं करून फट ठरवणं

आधी दार कोणत्या बाजूला उघडणार ते ठरवा. आपल्याकडे मुख्य दार आत उघडतं आणि तेच बरं, कारण बिजागरीची पिन आत राहते. बाहेर उघडणाऱ्या दाराची पिन बाहेर येते आणि ती ठोकून काढता येते. उघडलेल्या दाराआड लाइटचं बटण जाणार नाही, आणि देवघर किंवा चुलीच्या वाटेत दार येणार नाही, हेही आत्ताच पाहा.

आता दार चौकटीत उभं करा. खाली दोन पाचरी सारून उचला. जड दार असेल तर खाली लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर सब्बल (पहार) टेकवा आणि पायानं दाबा. एका माणसाला एका पायानं दार मिमी-मिमीनं उचलता येतं. फट मोजायला सनमायकाचे तुकडे वापरा. एक तुकडा साधारण १ मिमी जाडीचा असतो, तीन एकावर एक ठेवले की ३ मिमी.

मी फट अशी ठेवतो. बिजागरीच्या बाजूला कोणत्याही महिन्यात २ मिमी. वर ३ मिमी. खाली फरशीच्या चढ-उतारानुसार ६ ते ८ मिमी. कुलपाच्या बाजूचा आकडा मात्र महिना पाहून ठरतो. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पॅनेलच्या दाराला ४ मिमी, फळ्यांच्या दाराला ६ किंवा ७. जुलै-ऑगस्टमध्ये दोघांनाही २ पुरते, कारण लाकूड तेव्हा पूर्ण फुगलेलं असतं, आता फक्त आकसणारच आहे. दिवाळी ते होळीच्या मधल्या दिवसांत पॅनेलला ३ आणि फळ्यांना ४ ते ५. फ्लश डोअरला वर्षभर ३ मिमी धरा.

मे महिन्यात ६ मिमीची फट पाहून घरमालक नाराज होतात. "एवढी फट काहून ठेवली, मिस्त्री?" असं हमखास विचारतात. त्यांना दाराच्या मागे, कुलपाच्या बाजूला एक पातळ उभी पट्टी मारून द्यायची. फट झाकली जाते, आणि दार मिटल्यावर पट्टी चौकटीवर टेकते. पण फट कमी करायची नाही.

जास्तीचं लाकूड रंध्यानं काढताना बिजागरीच्या बाजूनं काढा, कुलपाची बाजू शेवटी. आणि कुलपाच्या बाजूची कड थोडी तिरपी करा: ज्या बाजूला दार उघडतं तिथली कड जशीच्या तशी, आणि जी मिटताना चौकटीत आधी शिरते ती दोन मिमीनं कमी. आत उघडणाऱ्या दाराची म्हणजे बाहेरची कड कमी होते. दार सरळ रेषेत नाही, गोलात फिरतं. मिटताना पुढची कड चौकटीला आधी भिडते. हा उतार दिला नाही तर फट बरोबर असूनही दार घासतं.

बिजागरीची खाच

वरची बिजागरी दाराच्या वरच्या कडेपासून ७ इंचांवर, खालची खालच्या कडेपासून १० इंचांवर, तिसरी दोघींच्या बरोबर मध्ये. ही मापं दगडावरची रेघ नाहीत. पॅनेलच्या दारात वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांचे सांधे कुठे आहेत ते पाहून एक-दोन इंच सरकवा. सांध्याच्या लाकडात पेच घुसला तर सांधा फाटतो.

खुणा आधी दारावर करा. बिजागरी जागेवर ठेवून तिच्या कडेनं चाकूची रेघ मारा. पेन्सिलची रेघ जाड असते आणि पटाशीला तिचा आधार मिळत नाही. चाकूनं कापलेल्या रेघेत पटाशीचं टोक आपोआप बसतं. खोली बिजागरीच्या एका पानाच्या जाडीएवढीच, जास्त नाही, कमीही नाही. पिनेची नळी दाराच्या तोंडापासून पूर्ण बाहेर राहील असं पान ठेवा, नाहीतर दार काटकोनातच अडकेल, पुढे भिंतीकडे जाणार नाही.

खाच काढायची रीत अशी. चाकूच्या रेघेवर पटाशी उभी धरून तिन्ही बाजूंनी हलके ठोके द्या. मग खाचेच्या आत रेघेला समांतर, पाच-पाच मिमीवर एकेक उभा ठोका. मासा चिरतात तसे काप दिसतील. आता पटाशी आडवी धरून कडेकडून आत ते काप उचलून काढा. शेवटचा पातळ थर मोगरीनं नाही, दोन्ही हातांनी ढकलून काढा. तळ सपाट झाला का ते बिजागरीचं पान ठेवून दाबून पाहा. डुलत असेल तर मध्ये उंचवटा राहिला आहे.

खाच जास्त खोल झाली तर घाबरू नका, पण तशीच सोडूही नका. खोल खाचेत दार मिटताना बिजागरीवरच ताणलं जातं, सोडलं की स्वतःहून उघडतं, आणि महिनाभरात पेच ढिले होतात. पुठ्ठ्याचा तुकडा पानाच्या मापाचा कापून खाली घाला. ओल येणारी जागा असेल तर पुठ्ठ्याऐवजी सनमायका.

काळ्या मातीनं कललेल्या चौकटीलाही हाच पुठ्ठा लागतो. वरच्या बिजागरीखाली पॅकिंग घातलं की दाराचा वरचा, कुलपाकडचा कोपरा खाली येतो आणि चौकटीकडे सरकतो. खालच्या बिजागरीखाली घातलं की तोच वरचा कोपरा उचलला जातो. दार वरच्या आडव्या लाकडाला लागत असेल तर पॅकिंग वरच्या बिजागरीखाली, फरशीला घासत असेल तर खालच्या. एक मिमीच्या पुठ्ठ्यानं कुलपाच्या बाजूला नेमका किती फरक पडेल ते आधी सांगता येत नाही. तो दाराच्या मापावर अवलंबून आहे. म्हणून एकेक थर घालून दार मिटून पाहा, अंदाजानं तीन थर घालू नका.

पेच

आमचे बाबा सुतारकामच करायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या हाताखाली काम केलं तेव्हा लवकर व्हावं म्हणून पेच हातोडीनं अर्धा ठोकला आणि उरलेला फिरवला. त्यांनी तो पेच हातानं ओढून काढून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "पेच ठोकाचा नसते रे, फिरवाचा असते." ठोकलेल्या पेचाचे आटे लाकडात रुतत नाहीत, लाकडाचे तंतू तोडून जातात. खिळ्यापेक्षाही वाईट पकड होते.

आधी भोक. दीड-दोन इंची आठ नंबरच्या पेचाला सागात ३ मिमीचं भोक, मऊ लाकडात अडीच मिमी. बाभळीत ३ मिमीलाही पेच रडवतो, तिथे साडेतीन करा. ड्रिलच्या पात्याला पेचाच्या लांबीवर चिकटपट्टी गुंडाळली की भोक किती खोल गेलं ते कळतं. भोक पानाच्या छिद्राच्या बरोबर मध्ये न घेता केसभर आतल्या बाजूला घ्या. पेच कसला जाताना पान खाचेच्या भिंतीला ओढून धरतो. पेचाच्या आट्यांना मेणबत्ती किंवा अंगाचा साबण घासा.

आधी तिन्ही बिजागऱ्या दारावर पूर्ण बसवा. मग दार उघड्या अवस्थेत, चौकटीशी काटकोनात, पाचरींवर उभं करा आणि चौकटीवर खुणा घ्या. चौकटीतल्या खाचा काढून प्रत्येक बिजागरीला एकच पेच मारा, वरचीला आधी. या एकेका पेचावर दार मिटून पाहा, उघडून पाहा, मध्येच सोडून पाहा. चौकट सरळ असेल तर दार जिथे सोडाल तिथे थांबतं. काही दुरुस्ती असेल तर आत्ताच, कारण दुसऱ्या भोकांत अजून लाकूड शाबूत आहे. सगळं जमलं की उरलेले पेच भरा.

वरच्या बिजागरीला चौकटीच्या बाजूनं एक पेच तीन इंची द्या. दाराचं वजन वरची बिजागरी बाहेर ओढतं आणि खालची आत दाबतं, त्यामुळे निसटते ती नेहमी वरची.

जुन्या दाराची भोकं मोठी झाली असतील तर त्यात आगपेटीच्या काड्या कोंबू नका, त्या चार महिन्यांत पिठासारख्या होतात. भोक ८ मिमीचं मोकळं करा, सागाची गोल खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, वरून पटाशीनं सपाट करा आणि नवीन भोक घ्या.

कडी आणि आल्ड्रॉप

जुन्या घरांत दाराला बिजागरीच नसायची. फळीलाच वर-खाली खुंटी काढलेली असायची, ती उंबरठ्यातल्या आणि वरच्या आडव्या लाकडातल्या खोबणीत फिरायची. त्या दारांना साखळीची कडी आणि कोयंडा. कोयंड्याची दोन्ही टोकं लाकडातून आरपार काढून मागे वाकवून ठोकलेली असत. बाहेरून कितीही ओढा, निघत नसे. आजच्या आल्ड्रॉपमध्ये, म्हणजे बाहेरून कुलूप लावायच्या आडव्या सरकत्या दांड्यात, नेमकी हीच गोष्ट हरवली आहे.

आल्ड्रॉपला कुलूप लावल्यावरही त्याच्या पट्ट्यांचे पेच बाहेरून दिसतात. चोराला कुलूप तोडायची गरजच नाही, पेचकस पुरतो. आठशे रुपयांचं कुलूप चार पेचांवर लटकवून लोक लग्नाला जातात. म्हणून मुख्य दाराच्या आल्ड्रॉपला पेच लावायचेच नाहीत, आरपार नट-बोल्ट लावायचे. बोल्टचं डोकं गोल आणि गुळगुळीत, खाच नसलेलं, बाहेरच्या बाजूला. आत मोठा वायसर आणि नट. नट घट्ट झाल्यावर बोल्टचा उरलेला भाग हॅकसॉनं कापून टोकावर हातोडीचे दोन ठोके द्या, म्हणजे नट आपोआप ढिला होणार नाही. चौकटीतल्या कोयंड्याचंही तेच, तोही आरपार.

उंची जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. पण घरात कोण राहतं ते पाहा. एका घरी मी सवयीनं आल्ड्रॉप उंच लावला. घरची म्हातारी आजी आली आणि म्हणाली, "माहा हात पुरते का बाप्पा तिथं?" मुलं-सुना वावरात, दिवसभर दार लावणारी-उघडणारी तीच. तेव्हापासून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दारापुढे उभं करून त्यांचा हात जिथे सहज जातो तिथे खूण करतो.

आधी आल्ड्रॉप दारावर आडवा ठेवून गुण्यानं सरळ करा, बोल्टची भोकं पाडा, बसवा. मग दार मिटून दांड्याच्या टोकाला खडू लावा आणि दांडा चौकटीवर टेकवा. जिथे खडू उमटला तिथे भोक. १६ मिमीच्या दांड्याला १८ मिमीचं भोक घ्या, आणि ते गोल न ठेवता कानशीनं वर-खाली दोन-तीन मिमी लांबवा. काळ्या मातीवरच्या घरात चौकट थोडी हलणारच. लांबट भोकात दांडा वर्षभर जातो. गोल भोकात पहिल्याच पावसात अडतो आणि मग लोक तो दगडानं ठोकतात. भोकावर लोखंडी पट्टी बसवा, नाहीतर लाकूड झिजून भोक मोठं होत जातं.

आतून चिटकनी दोन: एक वर, एक खाली. खालचीचा दांडा फरशीत जातो, तिथे भोक पाडून लोखंडी नळीचा छोटा तुकडा बसवा आणि झाडताना त्यातली माती काढत जा. लहान पोरं असतील तर खालची लावू नका, कडेला मधोमध लावा. पोरं आतून चिटकनी लावून घेतात आणि मग उघडता येत नाही, बाहेर आई रडते.

कुलूप

लटकवायचं कुलूप घेताना वजनापेक्षा कडीची जाडी आणि उघडी जागा पाहा. कडी कोयंड्यात जेमतेम बसणारी हवी. मोकळी जागा राहिली की त्यात सब्बल शिरते. लिव्हरच्या कुलपात किल्लीचे दात आतली प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीला उचलतात. सगळ्या एकदम बरोबर उंचीवर आल्या तरच खीळ सरकते. पट्ट्या जितक्या जास्त तितकं दुसऱ्या किल्लीनं उघडणं अवघड. म्हणून डबीवर लिव्हरचा आकडा पाहा. सहा-सात लिव्हर चांगले.

दाराच्या पोटात बसवायचं मॉर्टाइज लॉक हवं असेल तर आधी दाराची जाडी मोजा. ३५ मिमीपेक्षा पातळ दारात ते बसवू नका. दोन्ही बाजूंना पापुद्र्याएवढं लाकूड उरतं आणि एका धक्क्यात फाटतं. पॅनेलच्या दारात मधल्या आडव्या पट्टीचा सांधा टाळून, वर किंवा खाली. फ्लश डोअर पोकळ असेल तर कुलपासाठी आत भरीव लाकूड कुठे दिलं आहे ते दारावर खूण असते. खूण नसेल तर बोटानं वाजवत जा, आवाज भरीव होतो तिथे.

कुलपाचा डबा दाराच्या कडेवर ठेवून उंची-रुंदीची खूण करा. कडेच्या मधोमध रेघ मारा आणि त्या रेघेवर डब्याच्या जाडीएवढ्या पात्यानं ओळीनं भोकं पाडा, डब्याच्या खोलीपेक्षा तीन मिमी जास्त. ड्रिल तिरपं गेलं तर पातं दाराच्या तोंडातून बाहेर येतं, म्हणून कोणाला तरी बाजूला उभं करून सरळ आहे का ते पाहायला सांगा. भोकांमधलं लाकूड अर्धा इंची पटाशीनं साफ करा. डबा हातानं ढकलून आत गेला पाहिजे. हातोडीनं ठोकून बसवलेलं कुलूप आत दबतं आणि किल्ली जड फिरते. मग पुढच्या पट्टीची उथळ खाच, बिजागरीसारखीच. किल्लीचं आणि हँडलचं भोक दोन्ही तोंडांवरून अर्धं-अर्धं पाडा, म्हणजे मागचं लाकूड फाटणार नाही.

चौकटीवरची पट्टी शेवटी. कुलपाच्या जिभेला खडू लावून दार मिटा, जीभ बाहेर काढा, जिथे उमटेल तिथे खाच. इथेही वर-खाली दोन मिमीची सवलत ठेवा.

तेल आणि रंग

कुलपात घरातलं खाण्याचं तेल घालू नका. आठ दिवस छान चालतं, मग त्यावर फुफाटा आणि कापसाची कण बसते आणि आत काळा लगदा होतो. पेन्सिलीचं शिसं चाकूनं खरवडून त्याची भुकटी किल्लीला लावा आणि चार-पाच वेळा फिरवा. बिजागरीच्या नळीत शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब.

आपल्याकडे घराघरात जवसाचं तेल असतं. ते लाकडाला फार चांगलं, कारण ते हवेत वाळून लाकडावर थर धरतं. नेमक्या याच गुणामुळे ते कुलपाला आणि बिजागरीला वाईट: आत वाळून चिकटतं. दाराला लावल्यावर मात्र एक काळजी घ्या. तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं, आणि घट्ट गोळ्यात ती उष्णता साठून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. घरात कापूस भरलेला असताना तर नाहीच नाही. चिंध्या अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

रंग देणारे दाराची दोन तोंडं रंगवतात आणि वरची-खालची कड कोरीच सोडतात, कारण ती दिसत नाही. लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी सगळ्यात जास्त शोषलं जातं. दार टांगण्याआधी, ते आडवं असतानाच, वरच्या-खालच्या कडेला आणि कुलपाच्या पोकळीत दोन हात द्या. दार फुगणं बरंचसं तिथेच आटोक्यात येतं.

पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी बिजागऱ्यांचे सगळे पेच एकदा कसा. कुलपाच्या बाजूला सनमायकाचा एक तुकडा वरपासून खालपर्यंत फिरवून पाहा, कुठे अडतो ते. अडला तर तेवढ्याच जागी रंधा. आणि दाराच्या वरच्या कडेवर, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे, न पुसणाऱ्या पेननं लिहून ठेवा: दार कोणत्या महिन्यात बसवलं आणि कुलपाच्या बाजूला किती मिमी फट ठेवली. दहा वर्षांनी जो रंधा घेऊन येईल, त्याला ते वाचून मगच हात चालवता येईल.